लाईन कुणाच्या नावावर?

(द्वितीय वर्ष, कला)

श्रावणातली गोष्ट. वसतिगृहातून मी अण्णांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, मोबाईलवर बोलत होते. पडद्यावर त्यांचा चेहरा दिसत होता. मध्येच चित्र थिजले, आवाज तुटक येऊ लागला आणि चारदोन क्षणांनी सारे पुन्हा सुरळीत झाले. अण्णांनी विचारले, "लाईन तुटली होती का गं?" मी मोठ्या शहाणपणाने म्हणाले, "अण्णा, आता लाईनबिईन काही नसते." त्यावर ते म्हणाले, "लाईनच नाही, तर मग आपण बोलतोय कशावर?"

मला उत्तर देता आले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे काहीही अडले की 'कॉलेजात जातेस, तुला ठाऊक असणार' असे घरच्यांनी धरूनच ठेवलेले असते. इतिहासाच्या पुस्तकांतून डोके काढून मी या एका प्रश्नासाठी ग्रंथालयात बसू लागले, आमच्या सरांना विचारू लागले. त्यातून जे समजले ते कलाशाखेच्या माझ्यासारख्याच मित्रमैत्रिणींसाठी मांडण्याचा हा प्रयत्न आहे. विषय विज्ञानशाखेचा आहे हे मान्य. पण वाचता वाचता मला असे दिसू लागले की, यातला मूळ प्रश्न यंत्राचा नसून वाटपाचा आहे. एक वस्तू अनेकांना हवी असेल, तर ती वाटायची कशी?

अण्णांच्या तोंडी 'लाईन' हा शब्द नुसता येत नाही. त्याच्यामागे १९८८ सालचा एक दिवस आहे. आजोबा अखेरच्या आजारात होते. थोरले काका मुंबईला गोदीत कामाला. त्यांच्या चाळीखालच्या दुकानात फोन होता. सोळा वर्षांचे अण्णा सायकलने तालुक्याला गेले आणि सकाळी दहा वाजता त्यांनी मुंबईचा ट्रंक कॉल नोंदवला. तालुक्याला तेव्हा थेट नंबर फिरवायची सोय नव्हती. दिवसभर ते बाकावर बसून होते. 'लाईन बिझी आहे' एवढेच उत्तर मिळत राहिले. संध्याकाळी त्यांनी तार केली आणि घरी परतले. तार दुसऱ्या दिवशी पोचली, काका रात्रीच्या एस.टी.ने निघाले, पण आजोबांची भेट झाली नाही. अण्णा आजही कुणाला बोल लावत नाहीत. "लाईनच नव्हती, त्याला कोण काय करणार?" एवढेच म्हणतात.

राखीव लाईन

जुन्या पद्धतीत ट्रंक कॉल जोडायचा म्हणजे वाटेतल्या एकेका एक्स्चेंजमध्ये तारेला तार जोडत इथून तिथपर्यंत एक अखंड रस्ता तयार करावा लागे. एकदा जोडला की बोलणे संपेपर्यंत तो रस्ता त्या दोघांच्याच मालकीचा. त्यांनी बोलावे, रडावे की गप्प बसावे, तिसऱ्याला तिथे प्रवेश नाही. या पद्धतीला सर्किट स्विचिंग म्हणतात. गंमत अशी की, एक माणूस बोलतो तेव्हा दुसरा ऐकत असतो. म्हणजे भरगच्च संभाषणातही प्रत्येक दिशेची वाट निम्मा वेळ रिकामीच असते. ती रिकामी असते, पण मोकळी नसते.

हा फरक मला आमच्या विहिरीमुळे लवकर कळला. विहीर चार भाऊबंदांत सामाईक आहे आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. गुरुवार आमचा. गुरुवारी वीज गेली तर आमची पाळी बुडाली. शुक्रवार चुलत्यांचा. त्यांचे पीक निघून रान मोकळे पडलेले असले, तरी शुक्रवारी त्यांची मोटार गप्प आणि आमचा ऊस सुकलेला. पाणी विहिरीत असते, पण दुसऱ्याच्या नावावर असते.

माणसांच्या बोलण्यापेक्षा संगणकांच्या बाबतीत ही उधळपट्टी कितीतरी मोठी ठरते. संगणकाचे काम झटक्याझटक्याने चालते. माणूस चार अक्षरे टंकतो, विचार करतो, थांबतो. सेकंदाला ५०,००० बिट वाहणारी लाईन घ्या. एका अक्षराला ८ बिट धरले, तर तिच्यातून सेकंदाला ६,२५० अक्षरे जाऊ शकतात. चांगला टंकलेखकसुद्धा सेकंदाला पाचसहा अक्षरांपलीकडे जात नाही. म्हणजे एकट्या माणसासाठी ती लाईन राखून ठेवली, तर जवळजवळ हजारातले ९९९ भाग वाया जातात. अशा लाईनी शेकडो मैलांच्या असतील तर खर्च कोणाला परवडणार?

दोन माणसे, एकच कल्पना

या कोड्याचे उत्तर दोन माणसांनी, एकमेकांना न ओळखता, दोन देशांत शोधले.

पहिले पॉल बॅरन. जन्म १९२६, त्या वेळच्या पोलंडमधील ग्रोदनो गावी. लहानपणीच ते आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेले. वडिलांचे फिलाडेल्फियात किराणा दुकान होते. पुढे रँड कॉर्पोरेशन या संस्थेत काम करताना त्यांच्यापुढे प्रश्न होता तो युद्धाचा. अणुबाँब पडून मधली मोठी एक्स्चेंजेस नष्ट झाली, तरी निरोप पोचला पाहिजे. त्यांनी सुचवले की, जाळ्याला एकच मध्य नसावा; मासे पकडायच्या जाळ्यासारख्या पुष्कळ गाठी असाव्यात आणि प्रत्येक गाठ अनेक गाठींना जोडलेली असावी. निरोपाचे सारख्या आकाराचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता असावा आणि प्रत्येक नाक्याने जो रस्ता त्या क्षणी चालू असेल तिकडे तो तुकडा पुढे ढकलावा. १९६४ साली त्यांचे अहवाल प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील बड्या टेलिफोन कंपनीच्या अधिकाऱ्यांना मात्र ही कल्पना पटली नाही. ज्यांचे सारे आयुष्य लाईन जोडण्यात गेले, त्यांना लाईन न जोडता निरोप जाईल हे खरे वाटेना.

दुसरे डोनाल्ड डेव्हिस. जन्म १९२४, वेल्समधील ट्रिऑर्की या गावी. वडील कोळशाच्या खाणीत कारकून होते. मुलगा काही महिन्यांचा असतानाच ते वारले. डेव्हिस इंग्लंडमधील टेडिंग्टन येथील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत काम करत. त्यांच्या डोक्यात युद्ध नव्हते. एका महागड्या संगणकावर दूरदूरच्या अनेकांना एकाच वेळी काम करता यावे, एवढीच त्यांची खटपट होती. १९६५ च्या अखेरीस तेही त्याच उत्तरावर आले. मार्च १९६६ मध्ये त्यांनी व्याख्यान दिले, तेव्हा श्रोत्यांतील संरक्षण खात्याच्या एका माणसाने त्यांना बॅरन यांच्या कामाविषयी सांगितले. पुढे दोघांची मांडणी ताडून पाहिली, तर तुकड्याचा आकारसुद्धा दोघांनी सारखाच, १०२४ बिटांचा, धरलेला होता!

आपल्या शाखेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. या तुकड्याला नाव काय द्यावे, यासाठी डेव्हिस यांनी एका भाषातज्ज्ञाचा सल्ला घेतला. इतर भाषांतही सहज रुळेल असा शब्द त्यांना हवा होता. त्यांनी निवडला 'पॅकेट'. मराठीपुरते बोलायचे तर त्यांची निवड अगदी अचूक ठरली, कारण 'पाकीट' हा शब्द आपल्या घरात आधीपासूनच होता, आणि तोही टपालाच्या संदर्भात. म्हणून यापुढे मीही पाकीट असेच म्हणणार आहे.

तुकडे कशासाठी?

समजा, तुम्हाला लांबलचक मजकूर धाडायचा आहे. तो दहा पाकिटांत भरलात. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि अनुक्रमांक घातला. पाकिटे नाक्यावर आली की तिथला संगणक पत्ता वाचतो आणि पुढच्या नाक्याकडे धाडतो. कुणी एका वाटेने जाईल, कुणी दुसऱ्या. पाचवे पाकीट तिसऱ्याच्या आधी पोचले तरी बिघडत नाही. घेणारा क्रमांक पाहून ती लावून घेतो. दोन पाकिटांच्या मधल्या वेळात त्याच तारेवरून इतर शेकडो लोकांची पाकिटे जात असतात. तार सगळ्यांची आणि कुणाच्याच नावावर नाही. आमच्या विहिरीला हे जमणार नाही, कारण पाण्यावर पत्ता लिहिता येत नाही. बिटांवर येतो. सारी किमया तेवढीच आहे.

तुकडे केल्याचा दुसरा फायदा साध्या अंकगणिताने कळतो. नाक्याचा नियम असा की, आलेली वस्तू पूर्ण हातात पडल्याशिवाय पुढे धाडायची नाही. इथून तिथपर्यंत तारेचे तीन टप्पे आहेत आणि एका पाकिटाला एका टप्प्यावर एक मिनिट लागते असे धरू. सगळा मजकूर एकगठ्ठा धाडला, तर प्रत्येक टप्प्याला दहा, अशी एकूण ३० मिनिटे लागतील. पाकिटे सुटी धाडली, तर पहिले पाकीट तिसऱ्या टप्प्यावर असताना दुसरे दुसऱ्यावर आणि तिसरे पहिल्यावर असते. पहिले ३ मिनिटांत पोचते, मग दर मिनिटाला एकेक. एकूण १२ मिनिटांत काम संपते. शिवाय एखादे पाकीट बिघडले तर तेवढेच पुन्हा धाडायचे, सगळे नाही.

ही कल्पना मोठ्या अंतरावर प्रथम उतरली ती अमेरिकेतील 'आर्पानेट' या जाळ्यात. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे 'लॉगिन' हा शब्द धाडायचा होता. 'एल' आणि 'ओ' ही दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. दुरुस्तीनंतर त्याच रात्री काम पुरे झाले. वर्षअखेर या जाळ्याला चार नाकी होती आणि त्यांना जोडणाऱ्या लाईनी सेकंदाला ५०,००० बिटांच्या होत्या. आर्पानेट अणुयुद्धासाठी बांधले गेले असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते, ते बरोबर नाही. युद्धाचा विचार बॅरन यांचा होता. आर्पानेटचा हेतू महाग संगणक दूरच्या संशोधकांनी वाटून वापरावेत हा होता.

चूक कोणी तपासायची?

पाकिटे धाडायची हे ठरले, तरी एक मोठा वाद उरला. वाटेत पाकीट हरवले किंवा खराब झाले, तर जबाबदारी कोणाची? वाटेतल्या प्रत्येक नाक्याची, की दोन टोकांच्या माणसांची? मोठ्या पल्ल्याच्या जाळ्यांचा पुढचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

पहिले उत्तर १९७६ साली मान्य झालेल्या 'एक्स.२५' या पद्धतीचे. ती टेलिफोन खात्यांच्या वळणाची होती. आधी दोन टोकांमध्ये एक मार्ग ठरवायचा. तार राखून ठेवायची नाही, फक्त मार्गाला क्रमांक द्यायचा. मग सारी पाकिटे त्याच मार्गाने, क्रमाने न्यायची. प्रत्येक नाक्यावर पाकीट तपासायचे, पोच द्यायची, बिघडले असेल तर मागच्या नाक्याकडून पुन्हा मागवायचे. फ्रान्समध्ये १९७८ साली सुरू झालेले 'ट्रान्सपॅक' हे जाळे याच पद्धतीचे. त्याच्यावर घरोघरची 'मिनिटेल' यंत्रे चालली आणि ती सेवा थेट २०१२ पर्यंत टिकली. तांब्याच्या तारांत खरखर फार, म्हणून एवढी काळजी रास्तच होती.

पुढे काचतंतूंच्या तारा आल्या. चुका क्वचित होऊ लागल्या. मग दर नाक्यावर थांबून तपासणी करणे म्हणजे निर्मनुष्य रस्त्यावर दर फर्लांगाला चौकी ठेवण्यासारखे झाले. म्हणून 'फ्रेम रिले' आले. त्यात नाके फक्त एवढेच पाहते की पाकीट धड आहे की नाही. धड नसेल तर टाकून देते आणि पुन्हा मागवण्याचे काम टोकाच्या संगणकावर सोडते.

तिसरे उत्तर 'एटीएम' या पद्धतीचे. पैसे काढायच्या यंत्राशी तिचा संबंध नाही. आवाज, चित्र आणि मजकूर एकाच जाळ्यातून न्यायचा, तर पाकीट लहान आणि ठराविक मापाचे हवे असे ठरले. कारण आवाज भरायला वेळ लागतो. टेलिफोनचा आवाज सेकंदाला ८,००० बाइट या गतीने येतो. म्हणजे ३२ बाइटांचे पाकीट भरायला ४ मिलिसेकंद आणि ६४ बाइटांचे भरायला ८ मिलिसेकंद लागतात. उशीर वाढला की बोलणाऱ्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येऊ लागतो. युरोपियन मंडळींना ३२ हवे होते, अमेरिकनांना ६४. शेवटी बरोबर मधला ४८ हा आकडा ठरला आणि पत्त्याचे ५ मिळून ५३ बाइट झाले. शास्त्रातील आकडेसुद्धा कधी कधी बैठकीत ठरतात, हे वाचून मला मौज वाटली.

चौथे आणि अखेर सर्वांवर मात करणारे उत्तर सर्वांत साधे होते. फ्रान्समध्ये लुई पूझाँ यांनी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'सिक्लाद' या जाळ्यात ते करून दाखवले. जाळ्याने कसलीच हमी द्यायची नाही. आधी मार्ग ठरवायचा नाही, क्रम राखायचा नाही. प्रत्येक पाकीट सुटे. ते पोचले की नाही हे पाहण्याची, हरवलेले पुन्हा धाडण्याची जबाबदारी सर्वस्वी टोकाच्या संगणकांची. १९७४ साली विंट सर्फ आणि बॉब कान यांनी निरनिराळी जाळी एकमेकांना जोडण्याची जी रीत मांडली, तिने हा विचार पुढे नेला. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट या नव्या रीतीवर गेले. आपण जिला इंटरनेट म्हणतो ती हीच. आजही मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यांत पाकिटांना वरून एक छोटी क्रमांकाची चिठ्ठी डकवतात आणि मधली नाकी तेवढी चिठ्ठी पाहून पाकीट पुढे नेतात. जुन्या ठराविक मार्गाचा विचार असा नव्या रूपाने टिकून आहे. पण चिठ्ठीखालचे पाकीट बहुधा इंटरनेटचेच असते.

आता अण्णांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येते. आम्ही बोलत होतो ते पाकिटांवर. त्यांचा चेहरा आणि आवाज सेकंदाला कितीतरी पाकिटांत भरून येत होता. चित्र थिजले तेव्हा लाईन तुटली नव्हती. काही पाकिटे हरवली होती किंवा उशिरा आली होती. पत्र असते तर ती पुन्हा मागवली असती. पण समोरासमोरच्या बोलण्यात शिळे पाकीट काय कामाचे? म्हणून ते सोडून पुढे जायचे, एवढेच.

अण्णांचा दुसरा प्रश्न

दिवाळीला घरी गेल्यावर विहिरीच्या धावेवर बसून मी अण्णांना हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पाळीच नाही म्हणतेस. मग सगळ्यांनी एकदम मोटारी चालू केल्या तर?"

शेतकऱ्याला सुचणारा हा प्रश्न संशोधकांना फार महागात पडला होता. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि जवळचेच विद्यापीठ यांच्यामधली वाहतूक सेकंदाला ३२,००० बिटांवरून एकदम ४० बिटांवर घसरली. अंतर अवघे चारशे यार्ड! झाले होते असे की, नाक्यांवर पाकिटांची दाटी झाली. पोच येईना, म्हणून प्रत्येक संगणक तीच पाकिटे पुन्हा धाडू लागला. त्याने दाटी आणखी वाढली. तिथले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी यावर उपाय शोधून १९८८ साली प्रसिद्ध केला. तो असा: आरंभी थोडीच पाकिटे धाडा. पोच येत गेली तर हळूहळू वाढवा. पाकीट हरवले, तर वाटेत गर्दी आहे असे समजा आणि आपण होऊन हात आखडता घ्या. वर कोणी मुकादम उभा नाही. प्रत्येक टोकाने स्वतःला आवरायचे. कोट्यवधी संगणक आणि मोबाईल आजही मुख्यतः याच शिस्तीने वागतात, म्हणून हे जाळे उभे आहे.

अण्णा म्हणाले, "म्हणजे भाऊबंदांत समज असली तरच." मी म्हटले, "हो, तसेच."

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "त्या दिवशी तार धड होती म्हणायची?"

मी खरे ते सांगितले. तार धड होती. ती कुणाच्या तरी बोलण्यात अडकलेली होती, आणि त्या बोलण्यातही तिचा निम्मा वेळ रिकामा जात होता. पण त्या रिकाम्या वेळात दुसऱ्याचे बोलणे घालायचे, तर प्रत्येक नाक्यावर वेगवान संगणक लागला असता, आणि आमच्या तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये असा संगणक १९८८ साली येणे शक्य नव्हते. आपल्या देशात पाकिटांच्या जाळ्याचे प्रयोग तेव्हा नुकते सुरू झाले होते. १९८६ साली 'अर्नेट' या प्रकल्पाने मुंबईतील जुहूची संगणकसंस्था, पवईच्या आय.आय.टी.सह पाच आय.आय.टी., बंगलोरची विज्ञान संस्था आणि केंद्राचे इलेक्ट्रॉनिक्स खाते यांना जोडण्याचे काम हाती घेतले. ज्या मुंबईला अण्णांचा कॉल लागला नाही, त्याच मुंबईत हे चालले होते. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने सेवा सुरू केली तेव्हा; आणि आमच्या वाडीपर्यंत ते यायला त्यानंतरही पुष्कळ वर्षे गेली.

अण्णा बराच वेळ विहिरीत पाहत राहिले. मग म्हणाले, "मी उगीच समजत होतो, लाईनच नव्हती म्हणून." एवढे बोलून ते मोटार बंद करायला उठले. आमची पाळी संपत आली होती.

मित्रहो, मला परीक्षेत या विषयाचे गुण मिळणार नाहीत. पण सदतीस वर्षे मनात राहिलेल्या एका प्रश्नाला आमच्या घरात प्रथमच उत्तर मिळाले. वस्तू कमी असते तेव्हा ती पुरत नाही हे खरे. पण पुष्कळदा ती असूनही पुरत नाही, कारण ती रिकामी पडलेली असते आणि कुणाच्या तरी नावावर असते. हे फक्त तारांनाच लागू आहे का, याचा विचार इतिहास, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकणाऱ्या आपण सर्वांनी करावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करते.